‘डॉक्टरीणबाई’ : एक कादंबरी, एक शब्द आणि आपली मुले

दरवर्षी जून महिन्यात आमच्या धर्मग्रामात दहावी-बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. शाल आणि श्रीफळ यांऐवजी प्रत्येकाच्या हाती एक मराठी पुस्तक द्यावे, असा पायंडा आम्ही काही वर्षांपूर्वी पाडला. अशाच एका समारंभात, पुढे विज्ञान शाखेला जाऊ इच्छिणाऱ्या एका मुलीला आम्ही श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी दिली. भारतातील पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एकीची कथा तिला स्फूर्ती देईल, असा आमचा सरळ हिशेब होता. दोन महिन्यांनी ती मुलगी रविवारच्या मिस्सानंतर पुस्तक घेऊनच आली आणि म्हणाली, “फादर, पुस्तक खूप आवडलं. पण मला एक कळलं नाही. हे पुस्तक डॉक्टर झालेल्या बाईंचं आहे, की त्यांना डॉक्टर करणाऱ्या नवऱ्याचं?”

त्या वेळी आम्ही काहीतरी उत्तर देऊन तिची बोळवण केली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. म्हणून ती कादंबरी आम्ही पुन्हा हाती घेतली. सेमिनरीत असताना ती एकदा वाचली होती. तेव्हा गोपाळरावांच्या विक्षिप्तपणाने आम्हांला भारून टाकले होते. या वेळी मात्र एका सोळा वर्षांच्या मुलीचा प्रश्न शेजारी ठेवून वाचन केले. त्या वाचनातून जे सुचले ते येथे मांडत आहोत.

‘आनंदी गोपाळ’ १९६८ साली प्रसिद्ध झाली. मराठी चरित्रात्मक कादंबऱ्यांमध्ये तिचे स्थान अढळ आहे आणि ते रास्तही आहे. एकोणिसाव्या शतकातील कल्याणचे ब्राह्मण घर, सोवळ्याओवळ्याचे जग, टपाल खात्यातील कारकुनाची बदलीची भटकंती, ‘बायकोला शिकवतो’ म्हणून होणारी कुचेष्टा हे सारे जोशी यांनी अशा सहजतेने उभे केले आहे की वाचक त्या काळाच्या ओसरीवर जाऊन बसतो. गोपाळराव जोशी हे पात्र तर मराठी कादंबरीतील अविस्मरणीय पात्रांपैकी एक होय. पत्नीने शिकावे म्हणून झटणारा आणि ती अभ्यासाऐवजी स्वयंपाकघरात दिसली तर तिच्यावर हात टाकणारा हा पुरुष. त्याला देव करण्याचा मोह लेखकाने टाळला आणि राक्षस करण्याचाही टाळला. लेखकाची ही प्रामाणिकता मोठी आहे, आणि तिला ऐतिहासिक आधारही आहे. अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी लहानपणी सोसलेल्या मारहाणीचा उल्लेख स्वतःच केलेला आहे.

परंतु ज्या गुणामुळे ही कादंबरी उंचावते, त्यातच तिची मर्यादाही दडलेली आहे. कादंबरीला पुढे नेणारी सारी शक्ती गोपाळरावांकडून येते. इच्छा त्यांची, हट्ट त्यांचा, बेत त्यांचा. आनंदीच्या वाट्याला सोसणे, मानणे आणि अखेरीस सिद्ध करून दाखविणे येते. दांपत्यजीवनाचा ताण हा कादंबरीचा खरा विषय असल्याने अभ्यास करणारी, विचार करणारी, शवविच्छेदनाच्या मेजापाशी उभी राहणारी विद्यार्थिनी आपल्याला पुरेशी भेटत नाही. पुस्तक मिटल्यावर मनात जो माणूस रेंगाळतो तो बहुधा गोपाळरावच असतो. त्या मुलीने नेमके यावरच बोट ठेवले होते.

२०१९ साली समीर विद्वांस यांनी याच नावाचा चित्रपट काढला. तोही देखणा आणि हृदयस्पर्शी आहे. मात्र, आमच्या मते, चित्रपटाने गोपाळरावांचे कोपरे बरेच घासून गुळगुळीत केले. परिणामी ‘प्रत्येक यशस्वी स्त्रीच्या मागे एक पुरुष’ असा सुखद निष्कर्ष घेऊन प्रेक्षक घरी जातो.

आता इतिहास काय सांगतो ते पाहू. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचा विवाह नवव्या वर्षी झाला आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षाच्या आसपास तिला मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. ही घटना तिच्या आयुष्याला वळण देणारी ठरली, हे खरे. पण ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जी अठरा वर्षांची युवती जहाजावर चढली ती एकटी होती. पती सोबत नव्हता. निघण्यापूर्वी, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात तिने जाहीर भाषण केले. लोक जे प्रश्न पाठीमागे कुजबुजत होते ते तिने स्वतः मांडले आणि एकेकाला उत्तर दिले. अमेरिकेलाच का जायचे? एकटीने का? जात वाळीत टाकील त्याचे काय? आजवर कोणत्या स्त्रीने केले नाही ते आपण का करावे? या भाषणातील तिचा मुख्य युक्तिवाद भावनेचा नव्हता, गरजेचा होता. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची निकड आहे, पुरुष डॉक्टरासमोर येथील स्त्रिया आपले दुखणे उघड करीत नाहीत, तेव्हा हे काम कोणीतरी अंगावर घेतले पाहिजे आणि ते मी घेते, असा त्याचा आशय होता. हे बोलणे पतीने पढविलेल्या पोपटाचे नव्हते.

पुढे फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयात तिने शिक्षण घेतले. १८५० साली स्थापन झालेली ही संस्था खास स्त्रियांना वैद्यक शिकवीत असे. तेथे १८८५ साली घेतलेले एक छायाचित्र आज प्रसिद्ध आहे. त्यात साडी नेसलेली आनंदीबाई, जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लांबुली या तिघी आपापल्या देशांच्या वेषांत बसल्या आहेत. मार्च १८८६ मध्ये तिला एम. डी. ही पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. प्रबंधाचा विषय तिने निवडला तो प्राचीन हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्राचा. परक्या देशात, परक्या भाषेत, कडाक्याच्या थंडीत, क्षयाने पोखरत चाललेल्या शरीरानिशी आपल्याच परंपरेचा वैद्यकीय अभ्यास मांडणारी ही बुद्धी कोणाची होती? कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून तिची नेमणूकही झाली. ते पद सांभाळण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

या कथेत आपल्या ख्रिस्ती वाचकांनी एक कटू घोटही गिळला पाहिजे. गोपाळरावांनी साहाय्यासाठी प्रथम रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनरी गृहस्थांना लिहिले, तेव्हा धर्मांतर केल्यास मदत करता येईल असे उत्तर आले. तो पत्रव्यवहार छापलेला पाहून न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी मात्र आपणहून मैत्रीचा हात पुढे केला आणि अखेरपर्यंत तो सोडला नाही. आनंदीबाई हिंदू म्हणून गेल्या आणि हिंदू म्हणूनच परतल्या. त्यांच्या अस्थी त्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या आहेत. अटी घालणारे उत्तर आणि निरपेक्ष प्रेम यांपैकी शुभवर्तमानाच्या जवळ काय होते, हे सांगण्याची गरज नाही.

मुद्दा असा की, आनंदीबाईंचा व्यवसाय समाजाने दोन अटींवर स्वीकारला. एक तर तो पतीच्या आज्ञेतून आलेला असावा किंवा मृत बाळाच्या दुःखातून. म्हणजे पत्नीपण अथवा मातृत्व यांपैकी एकाचा शिक्का त्यावर हवा. केवळ बुद्धी आहे, काम आवडते, समाजाला त्याची गरज आहे, एवढे कारण स्त्रीच्या बाबतीत पुरत नाही. याच्याशेजारी दुसऱ्या एका महाराष्ट्रीय डॉक्टरची कथा ठेवून पाहावी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली युद्धग्रस्त चीनमध्ये वैद्यकीय सेवेसाठी गेले आणि १९४२ साली तेथेच मृत्यू पावले. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर १९४६ साली चित्रपट काढला. ‘यांना डॉक्टर कोणी केले?’ असा प्रश्न आपल्यापैकी कोणी कधी विचारला आहे काय? पुरुषाची सेवावृत्ती स्वयंभू मानली जाते. उलट, कोटणीसांची चिनी पत्नी कुओ चिंगलान ही परिचर्येचे शिक्षण देणारी शिक्षिका होती, हे आपल्याला क्वचितच आठवते. आपल्या स्मरणात ती डॉक्टरची बायको म्हणूनच राहिली.

येथे आपल्या भाषेकडे वळणे आवश्यक आहे. ‘डॉक्टरीणबाई’ हा शब्द घ्या. त्याचे अर्थ दोन : स्वतः डॉक्टर असलेली स्त्री आणि डॉक्टरची पत्नी. ‘मास्तरीण’चेही तसेच, ‘वकिलीण’ आणि ‘पाटलीण’ यांचेही तसेच. आपल्या गावात कोणी ‘मास्तरीणबाई आल्या’ असे म्हटले, तर त्या शाळेत शिकवतात की मास्तरांच्या घरात नांदतात, हे पुढचे वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही. उलट बाजू पाहा. डॉक्टरीणबाईंच्या यजमानांसाठी भाषेने एकही शब्द घडवला नाही. पत्नीच्या व्यवसायावरून पुरुषाची ओळख होऊ शकते, ही कल्पनाच आपल्या व्याकरणाला शिवलेली नाही. ‘आनंदी गोपाळ’ या शीर्षकाचे कोडे त्या मुलीला पडले त्याचे मूळ येथे आहे. पतीचे नाव जोडूनच स्त्रीचे नाव पुरे होते, ही आपली रीत. आणि कादंबरीने ती रीतच कथानकाचा कणा केली.

‘पंतोजी’ हा शब्द त्याहून बोलका आहे. त्याला स्त्रीलिंगी रूपच नाही, कारण शिकविणे हे निव्वळ पुरुषाचे काम होते. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई फुले शाळेत शिकवू लागल्या तेव्हा त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला गेला. (त्यांच्या शिक्षणात अहमदनगरच्या मिशनरी शिक्षिका सिंथिया फरार यांचा वाटा होता, हे आपण कृतज्ञतेने स्मरावे.) आज काय स्थिती आहे? मुलगी बारावी झाली की तिला सांगितले जाते, “डी.एड. कर, शिक्षिकेची नोकरी बायकांना शोभते, दुपारी घरी येता येतं.” दीडशे वर्षांपूर्वी जे स्त्रीच्या शीलाला घातक ठरवले गेले तेच आज तिच्या स्वभावाला अनुरूप म्हणून गळ्यात घातले जाते. स्वभाव इतक्या लवकर बदलत नसतो. बदलली ती सोय, आणि सोयीला आपण स्वभाव हे नाव दिले.

शुश्रूषेचीही हीच कथा आहे, मात्र उलट्या दिशेने. आजारी माणसाची सेवा हे बायकांचे काम, असे आपण डोळे मिटून म्हणतो. ख्रिस्तसभेचा इतिहास निराळे सांगतो. सोळाव्या शतकात संत जॉन ऑफ गॉड आणि संत कमिलस दि लेलिस यांनी रुग्णसेवेसाठी पुरुषांचे संघ उभारले. कमिलस हा आडदांड शिपाई, जुगारात सर्वस्व घालवून बसलेला. पुढे त्याने प्लेगच्या रुग्णांना अंगाखांद्यावर वाहिले आणि १५८६ साली त्याच्या बांधवांना झग्यावर तांबडा क्रूस धारण करण्याची अनुमती मिळाली. रुग्णांचा आश्रयदाता संत म्हणून आपण ज्याची मध्यस्थी मागतो तो हाच पुरुष परिचारक! १९३० साली पोप अकरावे पायस यांनी त्याला परिचारक-परिचारिकांचाही आश्रयदाता केले. परिचर्या म्हणजे स्त्री, हे समीकरण दृढ झाले ते एकोणिसाव्या शतकात. १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लंडनमध्ये प्रशिक्षणशाळा काढली, स्त्रियांसाठी एक प्रतिष्ठित व्यवसाय निर्माण झाला, हे त्यांचे मोठे ऋण; पण त्याबरोबरच पुरुषांसाठी तो दरवाजा लोटला गेला. आज आपल्या इस्पितळांत परिचारिकेला ‘सिस्टर’ आणि परिचारकाला ‘ब्रदर’ म्हणतात. हे दोन्ही शब्द मठांच्या परंपरेतून आले आहेत, हे किती जणांच्या ध्यानी येते?

आपल्या घरातील केरही काढला पाहिजे. व्रतस्थ धर्मभगिनींनी वैद्यकाचा, विशेषतः प्रसूतिशास्त्राचा, व्यवसाय करू नये, असा ख्रिस्तसभेचा दीर्घकाळ निर्बंध होता. त्यामागे पावित्र्याची एक कल्पना होती. पण तिची किंमत पडद्याआड राहणाऱ्या असंख्य मातांनी मोजली. स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन या वृद्ध महिलेने हे अचूक ओळखले. साठी उलटल्यावर त्या कॅथलिक झाल्या, रावळपिंडी येथे स्त्रियांसाठी रुग्णालय उभे राहावे म्हणून झटल्या आणि धर्मभगिनींना डॉक्टर होऊ द्यावे म्हणून रोमचे उंबरठे झिजवले. १९१३ साली त्या वारल्या. दोन वर्षांनी, १९१५ मध्ये, मेलबर्नमधील एका तरुण डॉक्टरच्या हाती त्यांच्याविषयीची एक लहानशी पुस्तिका पडली. ती तरुणी म्हणजे मेरी ग्लाउरी. पुस्तिका वाचून तिने आपली चालती प्रॅक्टिस सोडण्याचे ठरवले, १९२० साली ती गुंटूरला आली आणि रोमच्या खास अनुमतीने धर्मभगिनी व डॉक्टर अशा दोन्ही नात्यांनी तिने तेथे सेवा केली. १९४३ साली तिच्याच पुढाकाराने भारतातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापन झाली. मॅक्लारेनबाईंच्या प्रेरणेने डॉक्टर झालेल्या ॲना डेंगेल यांनी १९२५ साली वैद्यकीय सेवेचा नवा संघ काढला. अखेरीस फेब्रुवारी १९३६ मध्ये रोमने सूचनापत्र काढून धर्मभगिनींना वैद्यक आणि प्रसूतिसेवेची वाट मोकळी केली.

आनंदीबाई १८८३ साली श्रीरामपुरात जे सांगत होत्या ते आपल्या ख्रिस्तसभेच्या नियमात उतरायला आणखी त्रेपन्न वर्षे लागली. हे आम्ही नम्रपणे, पण स्पष्टपणे नोंदवतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ साली जगातील स्त्रियांना लिहिलेल्या पत्रात, स्त्रीच्या प्रतिष्ठेची जी अवहेलना झाली तीत ख्रिस्तसभेच्या लेकरांचाही दोष असल्यास त्याबद्दल खेद व्यक्त केला आणि नोकरी-व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांचे मनापासून आभार मानले. धर्मगुरूंनी ते पत्र वर्षातून एकदा तरी वाचावे.

आणि आता आमच्या स्वतःच्या दोषाविषयी. बऱ्याच वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात असताना एक वडील आपल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. मुलगा बारावी झालेला. घरी अंथरुणाला खिळलेल्या आजीचे सारे तोच करीत असे. तिला न्हाऊ घालणे, पाठ पुसून पावडर लावणे, घास भरवणे. त्याला नर्सिंगला जायचे होते. वडिलांना लाज वाटत होती. “फादर, गावात लोक काय म्हणतील? जरा समजवा त्याला.” आम्ही समजावले. पुरुषाने कुटुंबाचा पोशिंदा व्हावे, हातात कसब असावे, असे चार शब्द सांगून त्याला आय.टी.आय.मध्ये फिटरच्या अभ्यासक्रमाला धाडले. संत कमिलसचे चरित्र तेव्हा आमच्याच कपाटात होते. त्या मुलाचे वाईट झाले असे नव्हे. तो सचोटीने कारखान्यात राबतो आहे. पण एकदा घरी आजारी असलेल्यांना कम्युनियन द्यायला गेलो असता शेजारच्या एका वृद्धेला कुशीवर वळवताना आम्ही त्याला पाहिले. तिच्या मानेखाली हात घालण्याची त्याची ती रीत पाहिली आणि आम्ही काय केले ते आम्हांला कळले. देवाने दिलेले एक कौशल्य आम्ही लोकलाजेच्या सांगण्यावरून जमिनीत पुरून ठेवले होते. दृष्टांतातील तो चाकर निदान स्वतःचे नाणे पुरतो. आम्ही दुसऱ्याचे पुरले.

त्याच सुमारास गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या एका मुलीला आम्ही म्हटले होते, “असे काही निवड की घरसंसार सांभाळून करता येईल.” हे वाक्य आम्ही मुलींना कितीदा सांगितले असेल याची गणती नाही. मुलाला एकदाही सांगितलेले आठवत नाही. येथेच साच्याची खरी ताकद आहे. तो दारावर ‘प्रवेश बंद’ अशी पाटी लावत नाही. तो मायेच्या आवाजात सल्ला देतो. आई देते, मावशी देते, वर्गशिक्षक देतात, फादर देतात. मूल तो सल्ला इतक्या वेळा ऐकते की काही वर्षांनी ती आपलीच आवड आहे असे त्याला वाटू लागते.

दार उघडल्यावरही साचा संपत नाही, हे कमला सोहोनी यांच्या आयुष्यावरून दिसते. दुर्गा भागवतांच्या या भगिनीला १९३३ साली बंगळुरूच्या विज्ञानसंस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. नाकारणारे होते नोबेल पारितोषिक मिळवलेले सर चं. व्ही. रामन. त्या हटून बसल्या तेव्हा प्रवेश मिळाला, पण वर्षभराच्या परीक्षणाच्या अटीवर. पुढे १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. गुणवत्ता सिद्ध झाली. पण पुरुष विद्यार्थ्याला जे गृहीत धरून मिळत होते ते स्त्रीला सिद्ध करून मिळवावे लागले. आजही कामावर रुजू होणाऱ्या आपल्या मुली हेच सांगतात. ‘इंजिनिअर’ न म्हणता ‘लेडी इंजिनिअर’ म्हटले जाते. तसेच ‘मेल नर्स’. नावाआधी चिकटलेले ते विशेषण रोज सांगत राहते की, तू येथला नव्हेस, पाहुणा आहेस.

काळ बदलतो आहे, हेही मान्य केले पाहिजे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघे मिळून भाजी निवडताना दिसले. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी आशियातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून नाव मिळवले आणि २०२३ साली वंदे भारत गाडी सोलापूरहून मुंबईला आणली. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. दाखले मोठे आहेत. पण स्थळ पाहताना “मुलगी जहाजावर असते” म्हटले की आजही समोरचे गप्प होतात. “मुलगा नर्स आहे” म्हटले की “परदेशात आहे का?” असे विचारतात. परदेशातील पगाराने जी लाज झाकली जाते ती मुळात लाजच नव्हती, एवढे तरी आपण समजून घ्यावे.

येथे कोणी विचारील : मग काय मुलींनी शिक्षिका आणि परिचारिका होऊच नये? आमचे म्हणणे ते नाही. आपल्या समाजाच्या हजारो भगिनींनी या दोन व्यवसायांत जे तेज दाखवले ते आमच्या अभिमानाचा विषय आहे. तक्रार व्यवसायाबद्दल नाही, निवडीबद्दल आहे. जे मोकळ्या मनाने स्वीकारले ते पाचारण. जे दुसरे काही समोर ठेवलेच गेले नाही म्हणून पत्करले ते नव्हे. पाचारणाचा अभ्यास आम्ही सेमिनरीत नऊ-दहा वर्षे केला. तेथे आम्हांला शिकवले गेले की देवाची हाक ऐकण्यासाठी प्रथम आजूबाजूचा गलबला शांत करावा लागतो. आपल्या मुलांच्या बाबतीत तो गलबला आपणच असतो.

आता पुन्हा कादंबरीकडे. ‘आनंदी गोपाळ’ मुलांना देऊ नये काय? अवश्य द्यावी. मात्र सोबत अंजली कीर्तने यांचे ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ हे १९९७ साली आलेले संशोधनपर चरित्रही द्यावे. त्याच्या शीर्षकातील ‘कर्तृत्व’ हा शब्द किती योग्य जागी बसला आहे! आणि लक्ष्मीबाई टिळकांची १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली ‘स्मृतिचित्रे’ही द्यावी. त्या पुस्तकातही एक अफाट, लहरी, प्रतिभावान पती आहे. पण तेथे पाहणारे डोळे पत्नीचे आहेत आणि बोलणारी जीभही तिची. आनंदीबाईंना आत्मचरित्र लिहिण्याइतके आयुष्य लाभले नाही, म्हणून त्यांची गोष्ट इतरांनी सांगितली. ती सांगताना सांगणाऱ्यांनी आपापला साचा वापरला. मेरी ग्लाउरीच्या हाती पडलेल्या पुस्तिकेने एका स्त्रीला तिच्या कामावरून ओळखले होते, आणि तेवढ्यावर दुसऱ्या एका स्त्रीने सातासमुद्रापलीकडची वाट धरली. पुस्तक कोणाची गोष्ट कोणाच्या नावाने सांगते याला एवढे महत्त्व असते. म्हणून समीक्षा ही केवळ पंडितांची करमणूक नव्हे; घरोघरी आईवडिलांनी मुलांसोबत करावयाची ती गोष्ट आहे.

त्या मुलीला आम्ही अलीकडे खरे उत्तर दिले. म्हटले, “बाळ, पुस्तक नवऱ्याचं आहे. पण त्यात एक डॉक्टर आहे. तिला तुला शोधून काढावं लागेल.” ती हसली आणि म्हणाली, “सापडली, फादर. ती श्रीरामपूरच्या भाषणात आहे.” तिला पुढे काय व्हायचे आहे, हे आम्ही या खेपेस विचारले नाही, आणि सल्लाही दिला नाही. येत्या जूनमध्ये मात्र एक बदल करणार आहोत. संत कमिलसचे चरित्र एखाद्या मुलाच्या हाती ठेवू.